नारळी पौर्णिमा, मालवण बंदर आणि सत्तावीस मिनिटं: एका विद्यार्थ्याचं प्रकरण

गेल्या नारळी पौर्णिमेला संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी बाबू मालवणच्या बंदर जेटीवर आमच्यासोबत होता, हे मी ठामपणे सांगू शकते कारण त्या मिनिटाचा फोटो माझ्या मोबाइलमधे आहे, त्यात तो कडेला उभा आहे, कानावर निळे हेडफोन, दोन्ही हातात नारळ. ५ वाजून ३७ मिनिटांनी तो मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर सापडला, एकटा, घोट्याएवढ्या पाण्यात. मधल्या सत्तावीस मिनिटांबद्दल मी त्यानंतर खूप विचार केला, नोंदी काढल्या, त्याच्या आईशी आणि आजोबांशी परत परत बोलले, आणि आता नीट लिहून काढतेय, कारण किनाऱ्यालगतच्या गावांमधे काम करणाऱ्या माझ्यासारख्या स्पेशल टीचरना आणि अशा मुलांच्या घरच्यांना याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

बाबू हे त्याचं खरं नाव नाही, घरात लाडाने म्हणतात ते, तेवढंच वापरते. वय ९, ऑटिझम (स्वमग्नता). ऑटिझम किती आहे ते मोजायच्या इसा (ISAA) या आपल्याकडच्या मोजपट्टीवर ११८ गुण, म्हणजे मध्यम (७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र). बोलतो चार-पाच शब्द, तेही हवे तेव्हा येतीलच असं नाही, पण चित्रं आणि फोटो त्याला फार पक्के कळतात. सकाळी साध्या शाळेत जातो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो त्याचा हक्कच आहे, आणि आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतो. आई आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ यांच्यासोबत मालवणच्या भरड भागात भाड्याच्या घरात राहतो, वडील गोव्यात हॉटेलमधे कामाला, सणासुदीला त्यांना सुट्टी मिळत नाही. आजोबा दांडीला, जन्म मासेमारीत गेला, अजून छोटी होडी आहे.

यापूर्वी दोनदा तो न सांगता निघून गेला होता. एकदा शाळेतून, एकदा बाजारातून, आणि दोन्ही वेळा थेट घरी जाऊन पायरीवर बसलेला सापडला. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने माझी आठ मिनिटं खाल्ली.

जेटीवर जायचं हे का ठरवलं ते सांगते. मालवणची नारळी पौर्णिमा ज्यांनी बघितली असेल त्यांना माहितीये, बाजारपेठेतून ढोलताशे वाजत व्यापाऱ्यांची मिरवणूक बंदरावर येते, समोर सिंधुदुर्ग किल्ल्यावरून तोफेचा आवाज होतो आणि मग मानाचा नारळ समुद्राला देतात, नंतर नारळ लढवायच्या स्पर्धा, अख्खा गाव तिथं. बाबूच्या आईने जूनमधे मला सांगितलं की बाई, लग्न होऊन आल्यापासून मी हा सण बंदरावर जाऊन पूर्ण बघितलेला नाही, कोणीतरी एकाला मुलांबरोबर घरी बसावं लागतं आणि ती मीच असते. हे ऐकल्यावर मी त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात गर्दीच्या ठिकाणी ४५ मिनिटं थांबायचं उद्दिष्ट लिहिलं. काही लोक मला नंतर म्हणाले की कशाला न्यायचं अशा मुलांना गर्दीत. मला हे अजिबात पटत नाही. सण त्याचाही आहे आणि त्याच्या आईचाही.

तयारी आम्ही तीन आठवडे केली. ढोलाचं रेकॉर्डिंग आधी अगदी बारीक आवाजात, मग हळूहळू वाढवत. तोफेचा आवाज वेगळा, कारण तो अचानक येतो, त्याच्यासाठी बोटांवर तीन-दोन-एक मोजून मग आवाज असं केलं. हेडफोन घालून रोज दहा मिनिटं. गर्दी असह्य झाली तर कुठं जाऊन बसायचं ती शांत जागा दोन दिवस आधी त्याला नेऊन दाखवली. आणि पाच फोटोंची पट्टी, वेल्क्रोवर चिकटवलेली, ज्याला आम्ही शेड्यूल म्हणतो: चालत जाणे, जेटी, ढोल, नारळ पाण्यात, घर. एक गोष्ट झाली की तो ते कार्ड उलटं करून लावतो. ही पट्टी त्याच्यासाठी दिवसाला धरून चालायचा कठडा आहे, ती हातात असली की तो घाबरत नाही.

जेटीचा फोटो मी स्वतः काढला होता. ढोलाचा नेटवरून घेतला. ‘नारळ पाण्यात’ याच्यासाठी काय घ्यावं कळत नव्हतं, तर आईने तिच्या मोबाइलमधला एक फोटो दिला, आदल्या वर्षीचा, बाबू स्वतः नारळ पाण्यात टाकतोय असा, आणि मला तो इतका आवडला की मी लगेच प्रिंट काढून आणली, कारण मूल स्वतः फोटोत असलं की त्याला जास्त चांगलं समजतं असा माझा अनुभव आहे. फोटो कुठला आहे हे मी विचारलं नाही.

सण म्हणजे शाळेला सुट्टी होती पण सकाळी मी सहा मुलांना बोलावलं होतं, राख्या बांधून झाल्या, एकाने दोऱ्याऐवजी मणी तोंडात घातले ते काढण्यात अर्धा तास गेला, एकीला फिट येऊन गेली पण दोन मिनिटांत शांत झाली, तिला घरी पाठवलं. दुपारी तीनला पावसाची एक मोठी सर. मला वाटलं रद्द करावं लागणार, पण चारला उघडलं आणि आम्ही निघालो: तीन मुलं, चार मोठी माणसं. मी, बाबूची आई कडेवर धाकट्याला घेऊन, बाबूचे आजोबा (एरवी ते दांडीलाच नारळ घालतात पण यंदा सगळे एकत्र म्हणून मुद्दाम बंदरावर आले होते), आणि दुसऱ्या एका मुलीची आई.

पहिला पाऊण तास इतका चांगला गेला की मला आनंदाने रडू येत होतं. बाबू ढोलाजवळून चालत गेला, हेडफोन हाताने दाबून धरले, पण थांबला नाही, बसला नाही, पहिली तीन कार्डं त्याने आपणहून उलटी केली. त्याची आई तो सगळा वेळ काही बोलली नाही, फक्त बघत होती.

मग उशीर झाला. मिरवणुकीतली मंडळी मागे होती, परत पावसाची सर आली, तोफ काही होईना. साडेचारपासून बाबूच्या हातात नारळ होता आणि चौथं कार्ड समोर होतं. तो चार-पाच वेळा त्या कार्डावर बोट आपटून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणलं थांब, थोडं थांब. बोलून सांगितलं. ‘थांब’ चं कार्ड माझ्या शाळेच्या कपाटात होतं, पिशवीत नव्हतं.

५ वाजून १० मिनिटांनी तो फोटो काढला. त्यानंतर सर जोरात आली, सगळ्या छत्र्या एकदम उघडल्या, लोक आडोशाला सरकले. आमच्यातली डाऊन सिंड्रोम असलेली चौदा वर्षांची मुलगी बाजूलाच मैत्रिणीच्या आईबरोबर गंमत म्हणून नारळ लढवत होती आणि तिने समोरचीचा नारळ फोडला, ती इतक्या जोरात हसली की आम्ही चौघंही तिच्याकडे वळलो. मला वाटलं बाबूचा हात आजोबांच्या हातात आहे. आजोबांना वाटलं आईच्या. आईला वाटलं माझ्या. ५:१४ ला आईने विचारलं, “बाई, बाबू तुमच्याकडे आसा मां?”

पुढची आठ मिनिटं मी चुकीच्या दिशेने गेले. आधी दोनदा तो घरी गेला होता म्हणून मी बाजारपेठेच्या रस्त्याने भरडाकडे पळत सुटले. आता विचार केला तर कळतं, त्या रस्त्याने समोरून ढोलांची मिरवणूक येत होती, तो मुलगा ढोलांच्या अंगावर उलटा कधीच चालत गेला नसता. शोधायला लागताना आपण मुलाचा विचार करायला हवा, मी मागच्या दोन नोंदींचा केला. शिवाय एक नियम आहे जो मला पाठ होता आणि त्या क्षणी सुचला नाही: जवळ पाणी असेल तर आधी पाणी बघायचं, बाकी सगळं नंतर. २०१२ मधे अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझम असलेली जवळपास निम्मी मुलं, ४९ टक्के, चार वर्षांच्या वयानंतर निदान एकदा तरी अशी निघून गेलेली किंवा तसा प्रयत्न केलेली होती, आणि जी खरोखर काही काळ बेपत्ता झाली त्यांच्यातल्या २४ टक्के मुलांना बुडायचा धोका होता. तिकडच्या गावांना समुद्र असेल नसेल, इथं आमच्या तीन बाजूला पाणी.

पाण्याकडे वळवलं ते आजोबांनी. मी धापा टाकत परत आले तेव्हा ते जेटीच्या कडेने खाली बघत होते, शांतपणे, आणि म्हणाले, “आता सुकती आसा. पाणी हयसून पुढे चढाक लागतला.” कोकणात भरतीचा हिशोब तिथीवर करतात, तिथीची पाऊणपट, पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आम्ही उभे होतो तेव्हा ५:२२ झाले होते. पौर्णिमेचं उधाण, त्यात ऑगस्टचा समुद्र. ओहोटीला खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, उघडी पडतात, माणूस चालत बराच आत जाऊ शकतो, आणि मग पाणी मागून येतं. आजोबांनी एवढं सगळं बोलून दाखवलं नाही पण आम्हाला सगळ्यांना ते कळलं.

तोवर माइकवरून त्याचं नाव पुकारायला सुरुवात झाली होती आणि दहा-बारा पोरं ओरडत धावत होती. चांगल्या मनाची पोरं होती, पण बाबू नावाला ओ देत नाही आणि कोणी ओरडत अंगावर आलं तर तो उलट दिशेने पळतो, पाण्याजवळ असेल तर पाण्यात. मी माइकवाल्या दादांना म्हणलं, प्लीज नाव घेऊ नका, फक्त एवढंच सांगा की निळे हेडफोन, हातात नारळ, दिसला तर ओरडू नका, धरू नका, त्याच्या आणि पाण्याच्या मधे उभे रहा आणि इथं कळवा. त्यांनी शब्दाला शब्द तसंच सांगितलं, दोनदा सांगितलं. बंदोबस्तावरचे एक पोलीस जेटीच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. मी त्या माणसांची कायम ऋणी राहीन. आणि नेमकी तेव्हाच तोफ झाली, सगळ्या गर्दीने एकच गजर केला आणि दोन मिनिटं कोणाला काही ऐकू येईना.

त्या दोन मिनिटांत माझी नजर आईच्या हातातल्या पट्टीवर गेली. तीन कार्डं उलटी. पाचवं, घराचं, जागेवर. चौथं नव्हतं. वेल्क्रो रिकामा. त्याने ते काढून नेलं होतं. मी आईला विचारलं, तो फोटो कुठला होता? ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, “तो हयचो नाय बाई. दांडयेचो.”

आदल्या वर्षी ती धाकट्याला घेऊन घरी होती, आणि आजोबांनी बाबूला दांडीला नेऊन आपल्या होडीजवळ नारळ घालायला लावला होता, शेजारच्या कोणीतरी फोटो काढून तिला पाठवला होता. पावसाळ्यात ओढून ठेवलेली, झावळ्यांनी शाकारलेली होडी त्या फोटोत मागे स्पष्ट दिसते. मी ते कार्ड तीन आठवडे रोज हाताळलं, मला त्यात ‘नारळ पाण्यात टाकणे’ ही कृती दिसत होती. बाबूला त्यात जागा दिसत होती. त्याच्यासाठी फोटो म्हणजे तीच होडी, तीच वाळू, तोच किनारा. जेटीवर उभं राहून तो मला मघापासून कार्डावर बोट आपटून विचारत होता की आपण इथं का थांबलोय, आणि मी उत्तर देत होते, थांब.

आम्ही किनाऱ्याने दांडीकडे पळालो. एकीकडे आजोबांनी फोन लावला, वाटेत असतानाच पलीकडून उत्तर आलं, जाळी शिवत बसलेल्या एका मावशींनी बघितलं होतं, “निळ्या हेडफोनवालो झील हय आसा, होडयेकडे.” त्या मावशींनी माइकवरचं काही ऐकलेलं नव्हतं पण आपल्या मनानेच त्याच्या पुढ्यात पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, तोंड दुसरीकडे करून, जसं काही त्याच्याशी आपला संबंधच नाही. पंचवीस वर्षं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला हे इतकं अचूक जमणार नाही.

५:३७. बाबू होडीच्या पुढे, पाणी घोट्याशी, नारळ छातीशी, कार्ड त्या नारळावर दाबून धरलेलं. रडत नव्हता. टाकतही नव्हता. आईला धावत जाऊन त्याला उचलायचं होतं, मी तिचा दंड धरला आणि म्हणलं एक मिनिट द्या, आणि ती माझ्याकडे ज्या रागाने बघितली तो राग रास्तच होता. मी पिशवीतला शिंपल्यांचा डबा वाजवला, आमचा रोजचा तास ज्या आवाजाने सुरू होतो तो. त्याने वळून बघितलं. मग त्याने कार्ड आजोबांच्या दिशेने पुढे केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोटोच्या कडेला एक अर्धा हात आहे, म्हाताऱ्या माणसाचा, बाबूच्या मनगटाला धरलेला. तो त्या हातासाठी थांबला होता.

आजोबा पाण्यात गेले, मनगट धरलं, नारळ गेला. बाबूने कार्ड उलटं केलं, माझ्याकडून पट्टी मागून घेतली, लावलं, पाचव्या कार्डावर बोट ठेवलं. घर.

आजोबा परत येताना मला म्हणाले, “तो पळान इलो नाय बाय, नारळ घालूक इलो.”

आता नोंदींबद्दल, कारण प्रकरण लिहायचं ते त्यासाठीच. आमच्याकडे अशा घटनेचे तीन भाग लिहितात, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. त्या रात्री मी मधल्या रकान्यात सवयीने ‘पळून गेला’ असं लिहिलं होतं. सकाळी ते खोडून ‘शेड्यूलमधे दाखवलेल्या ठिकाणी एकटा गेला’ असं लिहिलं. हा शब्दांचा खेळ नाही. पळून गेला लिहिलं की उपाय निघतात ते कुलूप, पट्टा, घरी ठेवणे. ठिकाणी गेला लिहिलं की मग विचारावं लागतं ठिकाण कोणी दाखवलं, आणि उत्तर मी. वर्तनाची जुनी नोंदही मी पुन्हा तपासली, आधीच्या दोन्ही वेळी शेड्यूलवर शेवटचं कार्ड घराचं होतं आणि आम्ही मधलं काहीतरी लांबवलं होतं. दोन वेळा त्याने मला तेच सांगितलं होतं.

बदल काय केले ते सांगते. जागेचं कार्ड वेगळं आणि कृतीचं वेगळं, आणि बाहेर जायचं असेल तर फोटो त्याच जागेवर जाऊन काढायचा, आदल्या आठवड्यात, मुलाला सोबत नेऊन. ‘थांब’ आणि ‘बदल’ ही दोन कार्डं आता माझ्या पिशवीत नाही तर त्याच्याच पट्टीच्या मागे कायम. ताब्याचा घोळ परत होऊ नये म्हणून एक पिवळी ओढणी, ज्याच्या गळ्यात ती त्याच्याकडे बाबू, दुसऱ्याकडे द्यायचा तर ओढणी हातात देऊन तोंडाने म्हणायचं “तुमच्याकडे” आणि समोरच्याने “माझ्याकडे” म्हणायचं, मगच हात सोडायचा. शर्टाच्या आतल्या बाजूला आईचा फोन नंबर शिवलेला. आणि आजोबांना घेऊन मी त्याच्या घराभोवतीच्या पाण्याच्या जागा पायी फिरून लिहून काढल्या: कठडा नसलेल्या दोन विहिरी, एक कठड्याची पण मोडकी, पावसाळ्यात भरून वाहणारा व्हाळ (ओढा). समुद्राची भीती सगळ्यांना असते, परसातल्या विहिरीची कोणाला नसते, आणि मला तर त्या विहिरी बघून जास्त धडकी भरली. एका मालकांनी आठवड्यात जाळी बसवली, दुसरे बसवतो म्हणतायत.

पोहायचं आजोबा शिकवतायत, पावसाळा संपल्यावर, दांडीलाच, सकाळच्या शांत पाण्यात. पाण्याकडे जाणारं मूल पाण्यापासून तोडून ठेवता येत नाही, मालवणात तर नाहीच. अजून त्याला तरंगता येतं तेवढंच, कपडे घालून तरंगायचं ते वेगळं शिकवायचं आहे कारण पडणार तो कपड्यांसकटच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आईने तीन आठवडे त्याला घराबाहेर काढलं नाही, माझे फोन उचलले नाहीत, वडिलांनी गोव्याहून येऊन मला सरळ विचारलं की तुमच्या भरवशावर पोर नेला तो असा कसा जातो, आणि मी जे झालं ते सगळं सांगितलं, फोटोचं, आठ मिनिटांचं, कपाटात राहिलेल्या कार्डाचं. त्यांनी ऐकून घेतलं. ज्या शाळेत तो जातो तिथून मात्र सांगण्यात आलं की यापुढे अशा मुलांना सहलीला नेणार नाही, तिथल्या सहाही मुलांना. मी लेखी पत्र दिलंय, पाठपुरावा करतेय, अजून उत्तर नाही. एका मुलाच्या दिवशीची माझी चूक पाच इतर मुलांनी का भरायची हे मला रोज टोचतं.

सप्टेंबरच्या शेवटी आई त्याला परत घेऊन आली. ती दारात उभी राहिली, मी कार्डांचं कपाट उघडलं आणि बाबू नेहमीसारखा खाऊच्या कप्प्याकडे न जाता खालच्या खणाकडे गेला, जिथं मी ते चौथं कार्ड ठेवलं होतं, मिठाच्या पाण्याने कडा फुगलेलं. त्याने ते काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि दाराकडे बघितलं. तीन वर्षांत कुठल्या जागेला जायचंय हे त्याने कार्ड देऊन मागितलं ते पहिल्यांदा. मी ओढणी आईच्या गळ्यात घातली, ती म्हणाली “माझ्याकडे”, आणि आम्ही तिघं दांडीला निघालो.